धानाच्या आतली बुरशी आणि गोंदियाचे शेत

नाशिक-सांगलीकडचा द्राक्षबागायतदार मणी फुगावेत म्हणून कोवळे घड ‘जीए’च्या द्रावणात बुडवतो. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. आज द्राक्षाशी जोडले गेलेले हे औषध मुळात धानाच्या रोपात सापडले. जपानी शेतकऱ्यांना धानाचा एक चमत्कारिक रोग माहीत होता. शेतातली काही रोपे बाकीच्यांना मागे टाकून भराभर उंच होत, फिकट पडत आणि लोंबी न धरता मरून जात. या रोगाला ते ‘बाकानाए’ म्हणत. १९२६ साली तैवानात काम करणाऱ्या एइची कुरोसावा यांनी दाखवून दिले की त्या रोपांच्या आत एक बुरशी वाढते, आणि ती ज्या द्रवात वाढवली तो द्रव बुरशी गाळून काढून निरोगी रोपांना दिला तरी तीही तशीच उंच होतात. म्हणजे करामत बुरशीने तयार केलेल्या रसायनाची होती. १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या रसायनाला जिबरेलिन हे नाव दिले आणि पुढच्या तीन वर्षांत त्याचे स्फटिकही मिळवले. आजही कारखान्यात जीए बनते ते याच बुरशीला, फ्युझारियम फुजिकुरोईला, टाक्यांमध्ये आंबवून.

वनस्पतीच्या आत राहणाऱ्या बुरशीचा व्यवहारात उपयोग काय, या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राचा शेतकरी अशा रीतीने अनेक दशके पैसे मोजून विकत घेतो आहे. ज्या पिकातून ते उत्तर आले त्या पिकावर जगणाऱ्या गोंदिया जिल्ह्यात मात्र हा विषय अजून शेताच्या बांधापर्यंत पोहोचलेला नाही. या क्षेत्रात गेल्या पन्नास वर्षांत काय साधले, कुठे नुसता गाजावाजा झाला, आणि त्यातले गोंदियाच्या कामाचे काय आहे, हे तपासून पाहण्याची वेळ आली आहे असे मला वाटते.

आधी हे रहिवासी कोण, ते पाहू. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अँटन द बारी यांनी १८६६ मध्ये वनस्पतीच्या आत वाढणाऱ्या जीवांसाठी ‘एंडोफाइट’ हा शब्द वापरला. आज त्याचा अर्थ थोडा नेमका झाला आहे. पान, खोड, मूळ किंवा बी यांच्या पेशींमध्ये वा पेशींच्या फटींत राहणारी, आणि निदान आयुष्याचा काही काळ तरी झाडाला रोग न करणारी बुरशी, ती एंडोफाइट. ‘काही काळ’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आज गुपचूप राहणारी बुरशी उद्या पान पिकले, झाड तहानले, की रोग करू शकते. बाकानाएची बुरशीदेखील काही रोपांत लक्षण न दाखवता राहते. चांगली बुरशी आणि वाईट बुरशी अशी कायमची वाटणी इथे चालत नाही.

तिला शोधण्याची पद्धत साधी आहे, आणि तालुक्याच्या विज्ञान महाविद्यालयातही ती करता येते. निरोगी पान धुवायचे, अल्कोहोल आणि सोडियम हायपोक्लोराइटमधून काढून त्याच्या पृष्ठभागावरचे सगळे जंतू मारायचे, बारीक तुकडे करायचे आणि जिवाणूरोधक घातलेल्या आगारवर ठेवायचे. काही दिवसांत तुकड्याच्या कापलेल्या कडेतून पांढरे, करडे, काळे धागे बाहेर येतात. पृष्ठभाग खरोखर स्वच्छ झाला होता का, हे कळण्यासाठी तेच पान दुसऱ्या आगारवर नुसते दाबून उचलून घेतात. तिथे काही उगवले नाही, तरच आतून आलेली बुरशी आतली मानायची. ही शेवटची पायरी गाळली की पानावरची धूळ ‘एंडोफाइट’ म्हणून शोधनिबंधात जाऊन बसते.

पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर एलिझाबेथ अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी दोन जातींच्या झाडांची ८३ पाने अशीच तपासली, तेव्हा रूपावरून वेगळे वाटणारे ४१८ प्रकार मिळाले. २००० साली आलेल्या या आकड्याने उष्ण प्रदेशातल्या जंगलांकडे पाहण्याची शास्त्रज्ञांची नजर बदलली. पण हा आकडा उचलून गोंदियाकडच्या नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाला चिकटवू नये. चेन्नईच्या टी. एस. सूर्यनारायणन यांच्या गटाने मुदुमलाईच्या पट्ट्यात पावसाच्या प्रमाणानुसार जंगले तपासली, तेव्हा कोरड्या पानझडी जंगलात विविधता ओल्या जंगलापेक्षा कमी निघाली. साग आणि बहावा यांसारख्या एकमेकांशी नाते नसलेल्या झाडांत फोमॉप्सिस या एकाच वंशाच्या बुरशी पुन्हा पुन्हा सापडल्या. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलातही साग आहे, बहावा आहे, सोबत मोह, तेंदू, ऐन, धावडा, बिजा आहे. उन्हाळ्यात पाने झडतात, वणवे लागतात, मग पावसाळ्यात हवेतून आलेले बीजाणू नव्या पानांत शिरतात. पान कोवळे असते तोवर आत बुरशी कमी, जून झाले की जास्त. अशा जंगलात प्रकार थोडे असतील, पण ऊन, आग आणि कोरड सोसणारे असतील, आणि शेतीला कामाचे तेच आहेत.

या विषयातले सर्वांत पक्के, शेतात तावून सुलाखून निघालेले प्रकरण धानाच्या नव्हे, पण धानाच्याच कुळातल्या एका गवताचे आहे. अमेरिकेत १९३१ साली केंटकीतल्या एका डोंगराळ शेतावर टॉल फेस्क्यू या गवताचा एक चिवट वाण आढळला. ‘केंटकी-३१’ नावाने १९४३ मध्ये तो प्रसारित झाला आणि लाखो एकरांवर पसरला. दुष्काळात टिकणारे, किडीला दाद न देणारे हे कुरण शेतकऱ्यांनी डोक्यावर घेतले. मग जनावरे झिजू लागली. उन्हाळ्यात धापा टाकत, दूध आटे, वजन वाढेना, थंडीत खुरांशी रक्तपुरवठा कमी होऊन पाय सडत. कारण कळायला १९७७ उजाडले. जॉर्जियातल्या चार्ल्स बेकन यांच्या गटाने या आजाराचा संबंध गवताच्या आत राहणाऱ्या एका बुरशीशी जोडला. एपिक्लोई वंशाची ही बुरशी बियाण्यातूनच पुढच्या पिढीत जाते, बाहेर तिचे काही चिन्ह दिसत नाही, आणि ती अर्गोव्हॅलिनसारखी अल्कलॉइड बनवते.

उपाय सोपा वाटला. बियाणे साठवून किंवा तापवून बुरशी मारायची आणि बुरशीमुक्त गवत पेरायचे. जनावरे सुधारली, पण गवत मेले. ज्या चिवटपणासाठी केंटकी-३१ नावाजले गेले होते, तो चिवटपणा बराचसा बुरशीचाच होता. मग न्यूझीलंडच्या संशोधकांनी वेगळी वाट धरली. त्यांनी जगभरच्या गवतांतून अशा एपिक्लोई शोधल्या ज्या किडीला आवर घालणारी द्रव्ये बनवतात, पण जनावरांना घातक अल्कलॉइड बनवत नाहीत. त्यांतली एक फेस्क्यूमध्ये बसवून जॉर्जिया विद्यापीठाच्या सहकार्याने २००० च्या सुमारास ‘मॅक्सक्यू’ हे बियाणे बाजारात आले. रायग्राससाठी न्यूझीलंडमध्ये ‘एआर-१’ आणि नंतर ‘एआर-३७’ आले. तिथला दुग्धव्यवसाय आज या निवडलेल्या बुरशींवर उभा आहे. विमानतळांवर पक्षी येऊ नयेत म्हणूनही तिथे अशीच बुरशी असलेले गवत लावतात.

या गोष्टीवर मी रेंगाळलो, कारण आतल्या बुरशीचा लाभ आणि तिचे विष एकाच ठिकाणाहून येतात, आणि त्यांना वेगळे करायला माणसांना पाव शतक चिकाटीने काम करावे लागले, हे तिच्यात स्वच्छ दिसते.

धानाला असा जन्मजात, बियाण्यातून चालत येणारा आणि शेतात सिद्ध झालेला सोबती मिळालेला नाही. पण बाहेरून सोबती देता येईल का, याचे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेत रेजिना रेडमन आणि रसेल रॉड्रिग्ज यांनी यलोस्टोनच्या तापलेल्या जमिनीवरचे एक गवत आणि समुद्रकिनाऱ्यावरचे वाळूतले एक गवत यांच्या आतल्या बुरशी काढल्या. त्यांची भूमिका अशी की जिथले झाड जे सोसते, ते सोसण्याची ताकद त्याच्या आतल्या बुरशीतून येते. यलोस्टोनच्या गवताच्या बाबतीत तर पुढे दिसले की उष्णता सोसण्यासाठी त्या कर्व्ह्युलारिया बुरशीच्या आत आणखी एक विषाणूही असावा लागतो. तो नसेल तर गवत आणि बुरशी दोघेही तापलेल्या जमिनीत मरतात. २०११ मध्ये त्यांनी या बुरशी धानात घालून पाहिल्या. रोपांनी खारेपणा, थंडी आणि कोरड जास्त सोसली आणि पाणी २० ते ३० टक्के कमी वापरले.

मामा तलाव आणि बोड्यांच्या भरवशावर धान घेणाऱ्या आणि रोवणीच्या वेळी आभाळाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याला हा आकडा मोहात पाडेल. पण दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. एक, हे बहुतांश नियंत्रित जागेतले प्रयोग आहेत. दुसरी अधिक गंभीर: खारेपणा सोसायला मदत करणारी ती बुरशी फ्युझारियम कल्मोरम या जातीची आहे, आणि हीच जात गव्हात मूळकूज व ओंबीचा करपा आणते, दाण्यात विषही सोडते. धानाच्या बांधीनंतर हरभरा, जवस, लाखोरी, कुठे कुठे गहू घेणाऱ्या भागात अशी बुरशी चाचणीविना आणून सोडणे हा अविचार ठरेल.

भारताची स्वतःची बाजूही भक्कम आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अजित वर्मा आणि सहकाऱ्यांना थरच्या वाळवंटात, वेड्या बाभळीच्या आणि झाडबोरीच्या मुळांशी एक बुरशी सापडली. १९९८ मध्ये तिचे वर्णन पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका या नावाने प्रसिद्ध झाले. आता तिचे नाव सेरेंडिपिटा इंडिका आहे. मायकोरायझा नावाने विकली जाणारी नेहमीची मुळांवरची बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, त्यामुळे ती तयार करणे खर्चिक. ही मात्र बाटलीत, साध्या माध्यमावर वाढते. २००५ मध्ये जर्मनीतल्या गटाने सातूवर दाखवले की तिच्यामुळे खारेपणा सोसला जातो, रोग कमी होतात आणि उत्पन्नही वाढते. विदर्भाचा धागा इथे येतो. पुढे अमरावती विद्यापीठात जैवतंत्रज्ञान शिकवणाऱ्या महेंद्र राय यांनी वर्मा यांच्यासोबत अश्वगंधा आणि अक्कलकाढा या औषधी वनस्पतींवर तिची शेतात चाचणी घेतली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत झाडांची वाढ स्पष्टपणे जास्त होती.

मग ती गोंदियाच्या धानात का नको? आड येते ती चिखलणी. गोंदियात पाऊस वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या पुढे जातो, बांधीत पाणी साचवून रोवणी होते आणि त्या चिखलात हवा फार थोडी असते. बहुतेक बुरशींना हवा लागते. धानाचे मूळ स्वतःच्या पोकळ नळ्यांतून हवा खाली नेते, त्यामुळे मुळाच्या आत शिरलेली बुरशी तगण्याची शक्यता राहते, पण मातीतून मुळापर्यंत पोहोचणे तिला जड जाते. म्हणून माझ्या मते तिची योग्य जागा बांधी नव्हे, पऱ्हे, म्हणजे रोवणीआधीची रोपवाटिका, आहे. पऱ्हे उंच, निचऱ्याच्या वाफ्यावर टाकतात. बियाणे तीन टक्के मिठाच्या पाण्यात घालून पोकळ दाणे वेगळे करण्याची, मग बीजप्रक्रिया करण्याची शिफारस जुनीच आहे. त्या साखळीत एक कडी वाढवायची. रोवणीपर्यंत तीनेक आठवड्यांत बुरशी मुळात घर करील, आणि मग रोप तिला सोबत घेऊनच चिखलात जाईल.

पऱ्ह्यांच्या या साखळीत आज एक बुरशी आहेच, ट्रायकोडर्मा. कृषी सेवा केंद्रात पुड्यांत मिळणारी ही बुरशी मातीतल्या रोगकारक बुरशींवर तुटून पडते हे शेतकऱ्याला माहीत आहे. तिचे काही वाण मुळाच्या आत राहून झाडाची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती जागी करतात, हे फारसे सांगितले जात नाही. पुडीवर दर ग्रॅमला किमान वीस लाख जिवंत बीजाणू असावेत, असा दंडक आहे. मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात पडून राहिलेल्या पुडीत ते उरतात का, हे कोणी तपासत नाही. गोंदियाचा उन्हाळा पाहता ही तपासणी नव्या संशोधनापेक्षा तातडीची आहे. तिच्यासाठी एक सूक्ष्मदर्शक, काही पेट्री डिश आणि कोणाची तरी जबाबदारी एवढेच लागते.

मेटाऱ्हायझियमचे प्रकरण तर मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. उसाच्या हुमणीवर आणि धानाच्या तुडतुड्यांवर ही किडी मारणारी बुरशी म्हणून ओळखली जाते. २०१७ च्या खरिपात तुडतुड्यांनी गोंदिया-भंडाऱ्याचे उभे धान तणसासारखे वाळवले. त्या वर्षी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कापसाच्या बोंडअळीसोबत या नुकसानीसाठीही मदत जाहीर करावी लागली. कॅनडातल्या मायकेल बिडोच्का यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले की मेटाऱ्हायझियम झाडाच्या मुळातही राहते, मातीतली अळी मारते आणि त्या मेलेल्या अळीतला नायट्रोजन झाडाला पोहोचवते. त्यांनी तो किडीच्या शरीरात खूण करून मग झाडाच्या पानात मोजला. हा प्रयोग घेवडा आणि एका गवतावर झाला. धानावर तो जसाच्या तसा लागू आहे असे मानण्याचे कारण नाही. पण फवारणीची गोष्ट सोडून हीच बुरशी पऱ्ह्यांच्या मुळात बसवता येते का, हा प्रश्न साकोली किंवा सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्राने हाती घ्यावा इतका मोलाचा आहे.

आता औषधांकडे वळू. वर्तमानपत्रांत या विषयाचे नाव बहुधा औषधांमुळेच येते. १९९३ मध्ये अमेरिकेत गॅरी स्ट्रोबेल आणि स्टियरल दांपत्याने पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतली टॅक्सोमायसिस ही बुरशी कर्करोगावरचे टॅक्सॉल स्वतः बनवते असे जाहीर केले. झाड तोडावे लागणार नाही, बुरशी टाकीत वाढवू, अशी आशा होती. मिळालेले प्रमाण मात्र लिटरमागे नॅनोग्रॅमांत होते. २०१३ मध्ये याच बुरशीची पुन्हा कसून तपासणी झाली तेव्हा ती स्वतंत्रपणे टॅक्सॉल बनवते याचा पुरावा सापडला नाही. बाजारातले टॅक्सॉल आजही यूच्या पानांतल्या द्रव्यापासून किंवा वनस्पतीच्या पेशी वाढवून बनते.

महाराष्ट्रातली याची जुळी कहाणी नरक्याची आहे. सह्याद्रीत वाढणाऱ्या या झाडाच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन असते, त्यापासून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कर्करोगाची औषधे बनतात. त्या मागणीपायी सातारा-कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांत नरक्याची चोरटी तोड झाली. २००५ मध्ये जम्मूच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी नरक्याच्या आतल्या बुरशीतून कॅम्प्टोथेसिन मिळाल्याचे प्रसिद्ध केले आणि झाड वाचण्याची वाट दिसली. पण चीनमधल्या कॅम्प्टोथेका वृक्षातल्या अशाच एका बुरशीवर सौविक कुसारी आणि सहकाऱ्यांनी काम केले तेव्हा अडचण उघडी पडली. एका बशीतून दुसरीत लावत गेले की काही पिढ्यांत ती औषध बनवणे सोडून देते. तिच्याकडे साखळीतले एक कळीचे विकर, स्ट्रिक्टोसिडिन सिंथेज, नव्हतेच. ते ती झाडाचेच वापरत होती. झाड आणि बुरशी मिळून जे बनवतात ते एकट्या बुरशीकडून मागता येत नाही.

याचा अर्थ हा रस्ता बंद आहे असे नाही. मुंबईत सुनील देशमुख आणि सहकाऱ्यांनी बकुळीच्या पानातल्या बुरशीतून अर्गोफ्लाविन वेगळे केले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात सूज आणि कर्कपेशी यांविरुद्ध त्याची क्रिया प्रयोगशाळेत दिसली. असे शेकडो रेणू जगभर नोंदले गेले आहेत. प्लास्टिक खाणारी इक्वाडोरची पेस्टालोशिऑप्सिस आहे, डिझेलसारखे वायू सोडणारी पॅटागोनियाची बुरशीही आहे. दोन्ही बातम्या खूप गाजल्या, कारखाना एकीचाही झाला नाही. रेणू सापडणे आणि औषध होणे यांत बारा-पंधरा वर्षांचा, अफाट खर्चाचा रस्ता असतो. गोंदियाच्या महाविद्यालयाने तो रस्ता धरू नये असे मी स्पष्टपणे म्हणतो. इथल्या मोह-तेंदूच्या आतल्या बुरशी गोळा व्हाव्यात, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील राष्ट्रीय बुरशी संग्रहात जमा व्हाव्यात. औषध शोधणाऱ्यांना त्या तिथून मिळतील. जिल्ह्याने आपली शक्ती शेतावर लावावी.

विषाबद्दल आणखी थोडे बोलले पाहिजे, कारण आपल्या मुलखाला त्याचा अनुभव आहे. कोदो खाऊन माणसे आणि जनावरे गुंगतात, थरथरतात, हे मध्य भारतात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दोष कोदोचा नाही, ओल्या हवामानात त्याच्या दाण्यात वाढणाऱ्या बुरशीचा आणि तिने सोडलेल्या सायक्लोपियाझोनिक ॲसिडचा आहे. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या बांधवगडमध्ये उभे कोदो खाऊन दहा हत्ती दगावले. बरेलीच्या पशुवैद्यक संस्थेच्या तपासणीत त्यांच्या शरीरात हेच द्रव्य आढळले. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलातही आता रानटी हत्तींचा वावर आहे, आणि भरडधान्याला पुन्हा चांगले दिवस आणण्याची भाषा सुरू आहे. म्हणून धानात वा कोदोत कोणतीही बुरशी मुद्दाम घालायची तर दाण्याची आणि तणसाची विषतपासणी ही पहिली अट हवी. तणस गाई-बैल खातात. केंटकीची जनावरे कशाने झिजली, ते वर आलेच आहे.

मग गोंदियात काय करता येईल? हिवऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र, साकोलीचे केंद्र आणि जिल्ह्यातली विज्ञान महाविद्यालये मिळून तीन-चार हंगामांचे एक नेटके काम उभे करू शकतात. बुरशी इथल्याच घ्याव्यात: टेकडीवरच्या हलक्या, मुरमाड जमिनीतल्या धानाच्या मुळांतून, पाणी ओसरल्यावर बोडीच्या काठी तगून राहणाऱ्या गवतांतून. प्रयोगशाळेत दोन-तीन निवडाव्यात, पऱ्ह्यांवर द्याव्यात, आणि त्याच शेतकऱ्याच्या शेजारच्या बांधीत त्या न देता तेच धान लावावे. करपा, खोडकिडा, तुडतुडे, लोंबीतले दाणे, मिलमध्ये निघणारा अख्खा तांदूळ, सगळे मोजावे. चांगल्या पावसाच्या वर्षी फरक न दिसणे शक्य आहे. अशा बुरशींचा लाभ बहुधा पिकावर ताण आला की दिसतो, म्हणून एका हंगामावर निकाल देऊ नये. पुढे उत्पादन विकायचे झाले तर कीड-रोगाचा दावा असल्यास १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली, आणि वाढीचा दावा असल्यास खत नियंत्रण आदेशाखाली नोंदणी लागते. २०२१ पासून त्या आदेशात जैव-उत्तेजकांचाही समावेश झाला आहे.

आणि मालकीचे काय? चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातून एचएमटी धान निवडून काढले. ते देशभर पसरले, पण २०१८ मध्ये खोब्रागडे गेले तेव्हा त्या धानाने त्यांना पैशाने फारसे काही दिले नव्हते. बुरशीच्या बाबतीत हे टाळायला कायदा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यातली जैविक संसाधने म्हणजे फक्त झाडे आणि प्राणी नव्हेत, सूक्ष्मजीवही त्यांत येतात. राज्य जैवविविधता मंडळ नागपुरातच आहे, गावोगावी समित्या आहेत, लोकजैवविविधता नोंदवह्या आहेत. त्या नोंदवह्यांत वाघ, साग आणि सारस सापडतात, पानाच्या आतल्या बुरशीसाठी रकाना क्वचितच असतो. वनहक्क मिळवून तेंदूचा लिलाव स्वतः करणाऱ्या ग्रामसभा या जिल्ह्यात आहेत, त्यांना हा विषय समजावणे अवघड नाही. त्यांच्या जंगलातून पान घेऊन बुरशी काढली, तर संग्रहातल्या नोंदीत गावाचे नाव, ग्रामसभेच्या ठरावाचा क्रमांक आणि पान तोडल्याची तारीख लिहिलीच पाहिजे. उद्या एखाद्या कंपनीने ती बुरशी मागितली, तर लाभाच्या वाटणीसाठी ग्रामसभेला दाखवायला तीच नोंद लागेल.